विश्लेषण : कात्री न लावलेला घोडा स्पर्धेसाठी कसा सजतो? परीक्षकाने केसांखाली का पाहावे?

ब्रिटनच्या अश्वप्रदर्शनांत ‘ट्रॅडिशनल कॉब’ घोड्यांसाठी स्वतंत्र स्पर्धा असतात. लांब आयाळ, भरघोस शेपूट आणि पायांवरून खुरांपर्यंत उतरणारी केसांची झालर ही त्यांची ओळख. हे केस कापायचे नाहीत, असा संकेत आहे. मात्र हाच संकेत कधीकधी घोड्याच्या जिवावर येतो.

हा घोडा कोणता?

कॉब ही मुळात जात नसून ठेवण आहे. आखूड पाय, रुंद छाती, भरदार पुठ्ठे, शांत स्वभाव. रोमा आणि ट्रॅव्हलर या भटक्या समाजांनी घरगाड्या ओढण्यासाठी हे घोडे जोपासले. इंग्लंडमधील ॲपलबीच्या जत्रेत दर जूनमध्ये ते इडन नदीत धुतले जातात. ‘इन-हँड’ प्रकारात खोगीर आणि स्वार नसतो. सोबतचा माणूस लगाम धरून घोड्याला चालवतो, दुडक्या चालीने पळवतो आणि परीक्षकापुढे स्थिर उभा करतो.

तयारी कशी होते?

रोजचा खरारा हा पाया. आयाळीतला गुंता बोटांनी सोडवतात, कारण कंगवा ओढला तर केस तुटतात आणि पुन्हा वाढायला कित्येक महिने लागतात. स्पर्धेआधी आंघोळ घालतात. पायांच्या झालरीत लाकडाचा बारीक भुसा चोळून तो वाळल्यावर झटकतात. पांढरे केस मोकळे फुलतात. शेवटी खुरांना तेल लावतात.

मग अडचण काय?

दाट केसांखाली ओल टिकते. चिखलाने त्वचा फुटते. कोरिऑप्टिस नावाचे सूक्ष्म किडे लागले की घोडा सतत पाय आपटतो, एक पाय दुसऱ्यावर घासतो. अशा घोड्यांत पाय कायमचे सुजवणारा आजारही आढळतो. अनेक मालक झालरीला खनिज तेल आणि गंधकाचे मिश्रण लावतात. त्याने केस चमकतात, चिखल चिकटत नाही. पण फुटलेल्या त्वचेवर ते झोंबते आणि दुखणे झाकलेलेच राहते. नीट उपचारासाठी अनेकदा झालर कापावी लागते. ती कापली की स्पर्धेचा हंगाम हुकतो, म्हणून दुखणे लांबणीवर टाकण्याचा मोह होतो.

उपाय काय?

परीक्षकाने झालर हाताने उचलून त्वचा पाहावी, दुखऱ्या पायांना गुण देऊ नयेत आणि उपचारासाठी केस कापणाऱ्याचे गुण कापू नयेत. परंपरा मोडेल, हा आक्षेप टिकणारा नाही. घोड्यांची शेपटी छाटण्याची प्रथा ब्रिटनने 1949 च्या कायद्याने थांबवली. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 1 जुलै 2021 पासून, घोड्याच्या मिशा कापण्यावर बंदी घातली. कारण त्यांनी घोडा स्पर्श ओळखतो. प्रदर्शने त्यानंतरही चालूच आहेत.

आपल्याकडे काय?

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे रंग, उंची आणि अंगावरचे भोवरे बारकाईने पाहिले जातात. तेवढ्याच बारकाईने खुरांच्या मागची त्वचा पाहावी, पाय उचलून नाल तपासावी. घोडा सजवणे ही कला आहेच, पण पहिले बक्षीस निरोगी पायांनाच मिळायला हवे.