साडी गार्ड सक्तीचं, इंजिन उघडं!

मंडळी, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ वा नियम म्हणतो, मागचं चाक निम्मं तरी झाका, कपडे अडकतील. छान! पण इंजिनाच्या पोटाखाली पत्रा लावा, असं त्यात नाही.

हसनाबादच्या शिवाररस्त्यावर दगड लागला, ॲल्युमिनियमचा क्रँककेस तडकला, ऑइल गळालं. तरी गाडी दामटली की पिस्टन जाम. मग शोधा आर्गॉन वेल्डिंगवाला! आणि काही कंपन्या जाहिरातीत डोंगर चढवून बॅश प्लेट मात्र 'ॲक्सेसरी' म्हणून वेगळी विकतात. म्हणजे चप्पल घ्या, तळवा एक्स्ट्रा!

परवडत नाही म्हणे. २०१९ मध्ये आलेल्या हिरो एक्सपल्स २०० ला बॅश प्लेट कंपनीचीच होती. त्यांना कसं परवडलं?

असो. ऑफ-रोड म्हणून विकताय ना? मग पत्रा लावूनच विका. बघा, पटतंय का.