सोफ्याखालचं भुयार

मेकॅनिकलच्या मुलाला लेख मागितला की तो इंजिनावर, रोबोवर किंवा फार तर मेसच्या आमटीच्या व्हिस्कॉसिटीवर लिहील, अशी संपादक मंडळींची अपेक्षा असणार. मी मात्र सोफ्याखालच्या जागेवर लिहिणार आहे. घाबरू नका, कॉमन रूममधल्या सोफ्याखाली काय काय सापडतं ते इथे छापणार नाही. हा सोफा अमेरिकेतला आहे, चाकांवरचा आहे आणि त्याच्याखाली आपल्या सेकंड इयरपर्यंतचा निम्मा सिलॅबस दडलेला आहे.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून ओढायची खोली. तिला स्वतःचं इंजिन नसतं. पुढे पिकअप किंवा मोठी जीप आणि मागे ही पेटी. पेटीत ओटा, संडास, बिछाने, टेबल आणि एक सोफा. अमेरिकेत बनणाऱ्या अशा घरांपैकी बहुसंख्य इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावाच्या आसपास तयार होतात. हमरस्त्यावर चालायचं तर रुंदी साडेआठ फुटांच्या आत ठेवावी लागते, म्हणजे भिंती वजा जाता आत पावणेआठ-आठ फूटच उरतात. आपल्या रूमपेक्षा अरुंदच! त्यातून ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी राहिलेली नाही. महाराष्ट्राच्या पर्यटन विभागानंही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. उद्या अशा गाड्यांची बॉडी बांधायचं काम आपल्यापैकीच कुणाच्या तरी टेबलावर येऊ शकतं.

माझा मावसभाऊ मिशिगनला असतो. त्यानं असाच एक चोवीस फुटी जुना ट्रेलर घेतला आणि "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग सांग" असं म्हणून सोफ्याचे फोटो आणि मापं पाठवली. (आपण इंजिनिअरिंगला आहोत याचा नातेवाइकांना पंखा आणि मिक्सर सोडून दुसऱ्या कशासाठी उपयोग वाटला, हे प्रथमच घडत होतं.) प्रश्न साधा होता. सोफ्याखाली भरपूर जागा आहे, पण ती वापरली जात नाही. वहिनी तिला "भुयार" म्हणतात. त्यात काही ठेवलं की ते पुढच्या उन्हाळ्यातच बाहेर येतं.

मापं अशी होती : लांबी १.६ मीटर, खोली ७० सेंटिमीटर, उंची ३५ सेंटिमीटर. गुणाकार केला तर जवळजवळ ३९० लिटर होतात. आंघोळीच्या वीस लिटरच्या बादल्या धरल्या तर एकोणीस! दोन दारांच्या मोठ्या फ्रिजच्या पोटात असते एवढी जागा आणि तरी घरात कुणाला मोजा सापडत नाही.

कारण आत जायची वाटच वाईट आहे. सोफा घडीचा आहे, रात्री त्याचा पलंग होतो. खालचं सामान काढायचं तर आधी बसलेल्यांना उठवा, गाद्या काढा, बैठक वर उचला, ती एका हातानं धरून ठेवा आणि दुसऱ्या हातानं अंधारात चाचपडा. एवढा उपद्व्याप दिवसातून चार वेळा कोण करणार? माझं मत असं, की साठवणीची जागा लिटरमध्ये मोजणं हेच मुळात चुकीचं आहे. एखादी वस्तू काढायला किती सेकंद लागतात आणि त्यासाठी किती माणसं उठवावी लागतात, हे खरं माप. शोरूममध्ये मात्र गिऱ्हाईक बैठक उचलून बघतो, "वा, केवढी जागा!" म्हणतो आणि चेक फाडतो. बनवणाऱ्यालाही तेवढंच हवं असतं. पुढच्या फळीला दोन ड्रॉवर बसवायचे तर स्लाइड, कड्या आणि मजुरी यांचा खर्च वाढतो. बिजागरीवरचं झाकण स्वस्तात पडतं.

मग ड्रॉवर बसवून टाका, संपला विषय! असं मलाही वाटलं असतं, पण फोटो नीट पाहिल्यावर भुयारात आधीच भाडेकरू राहतात हे दिसलं. एका कोपऱ्यात चाकाची कमान वर आलेली. मागच्या भिंतीला लागून हीटरच्या गरम हवेचा नळ गेलेला. दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याचा पंप आणि त्याची गाळणी. पंपाला हात पोचायलाच हवा, कारण तिकडे थंडी पडायच्या आधी सगळं पाणी काढून नळांतून न गोठणारं द्रव फिरवावं लागतं, नाहीतर नळ फुटतात. ते काम पंपापाशीच होतं. काही ट्रेलरमध्ये इथेच बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर किंवा हीटरची हवा आत ओढणारी जाळी असते. तिला ब्लँकेट चिकटवून ठेवलं तर हीटर तापून आपोआप बंद पडतो आणि मध्यरात्री सगळे कुडकुडत बसतात. म्हणून पहिलं काम टेपनं मापं घेण्याचं नाही. सगळं रिकामं करून, बॅटरी घेऊन आत आडवं पडून बघण्याचं आहे.

भाडेकरूंची जागा सोडली तर ३९० चे राहिले ३२० लिटर. ड्रॉवर केले की आणखी घट. साध्या बॉल बेअरिंगच्या स्लाइडला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच लागतो, वर ड्रॉवरच्या स्वतःच्या फळ्यांची जाडी. दोन ड्रॉवर म्हटले तर निव्वळ रुंदीतच जवळजवळ दहा सेंटिमीटर गेले. वरची फट आणि मागची मोकळी जागा धरून हातात पडतात अडीचशेच्या आतबाहेर लिटर. भाऊ फोनवर म्हणाला, "अरे, हा तर तोटा झाला!" मी म्हणतो फायदा झाला. आधीच्या ३९० लिटरपैकी रोज उपयोगी पडणारे किती होते? झाकणाखालचे वरवरचे चाळीस-पन्नास असतील. हात पोचत नाही ती जागा आपली नव्हेच, ती उंदरांची.

ड्रॉवर प्लायचे करावेत. एमडीएफ जड असतं आणि ओल लागली की फुगतं. समोरच्या फळीला भोकं पाडताना ती नुसती शोभेची समजू नये. बसणाऱ्यांचं वजन तिच्यावरून जमिनीवर उतरतं. मधला खांब आणि वरची पट्टी शाबूत ठेवूनच कापायचं. फर्स्ट इयरला काढलेल्या बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या नेमक्या इथे कामाला येतात. पंपाच्या बाजूचा ड्रॉवर पूर्ण बाहेर निघणारा हवा. आणि कडी! वळणावर गाडी कडेला ०.३ जी एवढी जरी ढकलली गेली, तरी तीस किलोच्या ड्रॉवरवर सुमारे ९० न्यूटन बल येतं. कपाटाचं साधं मॅग्नेटचं कॅच तिथे हात टेकतं. त्यापेक्षा बोटींत असते तशी युक्ती बरी : ड्रॉवरला खाली खाच, तो बंद झाला की खाच पट्टीवर बसते, उघडताना आधी किंचित वर उचलायचा आणि मग ओढायचा. स्प्रिंग नाही, मॅग्नेट नाही, बिघडायला काही नाही. मला तर हे डिझाइन फार आवडलं.

ओलीचा मुद्दा कोकणातल्या मुलांना समजावून सांगायला नको. पावसाळ्यात कपाट भिंतीला चिकटवून ठेवत नाहीत हे आपल्या आज्ज्यांना थर्मोडायनॅमिक्स न शिकता माहीत होतं. ट्रेलरची बाहेरची भिंत रात्री थंडगार पडते, आतल्या माणसांच्या श्वासाची वाफ तिच्यावर धरते आणि बंद पेटीतल्या गोधडीला बुरशी येते. मागे दोन-तीन सेंटिमीटरची फट आणि तळाला पट्ट्या ठेवल्या की हवा खेळते. पुन्हा पाच-दहा लिटर गेले. जाऊ देत.

आता जो मुद्दा मला खरोखर महत्त्वाचा वाटतो, तो. जागा आहे म्हणून ती भरायची नसते. प्रत्येक ट्रेलरवर एक स्टिकर असतं : यात सामान जास्तीत जास्त इतकं. मधल्या आकाराच्या ट्रेलरला हा आकडा अनेकदा पाच-सहाशे किलोच्या आसपास असतो आणि टाकीतलं पाणीही त्यातच धरायचं. दीडशे लिटरची टाकी भरली की दीडशे किलो गेले. उरलेल्यात चार माणसांचे कपडे, भांडी, किराणा, हत्यारं. सोफ्याखालच्या अडीचशे लिटरमध्ये पांघरुणं ठेवली तर वीस-पंचवीस किलो भरतील. तिथेच डबाबंद कडधान्य रचलं तर दीडशेच्या पुढे! बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सोफे सारखेच दिसतात.

आणि वजन किती याहून ते कुठे, हा प्रश्न जास्त घातक. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के पुढे गाडीच्या हिचवर पडायला हवं, हा तिकडचा सर्वमान्य नियम. त्याहून कमी पडलं तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावा-उजवा डुलायला लागतो आणि डुलणं वाढत गेलं तर पुढच्या गाडीलाही घेऊन उलटतो. भावाचा सोफा नशिबानं चाकांजवळ आहे. पण बऱ्याच मॉडेलांत सोफा अगदी मागच्या भिंतीला असतो. हिशोब करून बघा. ट्रेलर २००० किलो, हिचवर २४० किलो, म्हणजे १२ टक्के, उत्तम. हिच ते ॲक्सल अंतर साडेचार मीटर. आता मागच्या सोफ्याखाली, ॲक्सलच्या सव्वादोन मीटर मागे, जनरेटर, हत्यारं आणि डबे मिळून १२० किलो भरले. मोमेंट घेतले की हिचवरून निम्मे, म्हणजे ६० किलो उचलले जातात. राहिले २१२० पैकी १८०, साडेआठ टक्के. एका सुटसुटीत, नीटनेटक्या, मापात बसवलेल्या ड्रॉवरनं अख्खं घर धोक्याच्या हद्दीत नेऊन ठेवलं! ॲप्लाइड मेकॅनिक्सच्या पेपरात हे गणित पाच मार्कांचं आहे. तिकडे रस्त्यावर मागच्या सीटवर मुलं बसलेली असतात.

म्हणून माझा निवाडा असा दिला : सोफ्याखाली बिछाना. रात्री सोफ्याचाच पलंग होतो, उशा-चादरी जिथे लागतात तिथेच असाव्यात, त्या हलक्या आणि भरगच्च असतात. एका ड्रॉवरचा पुढचा हिस्सा मुलांचे पत्ते, टॉर्च, औषधांची पेटी यांना. जड वस्तू खाली आणि चाकांच्या जवळ. सांडपाण्याचा पाइप घरात कुठेच नाही, त्याला बाहेरचा कप्पा. वहिनींनी बिछान्याचा भाग लगेच मान्य केला. भावाला हत्यारं तिथेच हवी होती. तो वाद अजून चालू आहे आणि अंतिम निर्णय कुणाचा होईल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

हे सगळं करताना आपल्या हॉस्टेलची लोखंडी कॉट डोळ्यांपुढे आली. सहा फूट बाय अडीच फूट, खाली साधारण एक फूट मोकळं. म्हणजे १५ घनफूट, जवळजवळ सव्वाचारशे लिटर. अमेरिकन सोफ्याहून जास्त! आणि तिथे आहे काय? घरून आणलेली पत्र्याची पेटी, ती ओढताना फरशीवर उमटणारे ओरखडे, गेल्या सेमिस्टरच्या शीटा, एक एकटी चप्पल. आपली खोली ७०च्या स्पीडनं वळणावर जात नाही, तेव्हा हिचची भानगड नाही. इथे मर्यादा वेगळी आहे : झाडू. सफाईच्या मावशींचा झाडू आत पोचला पाहिजे, नाहीतर डास आणि झुरळं यांची मेस चालू. त्यामुळे कॉटला पक्के ड्रॉवर ठोकण्याच्या मी विरोधात आहे. चाकांच्या उघड्या ट्रॉल्या हव्यात, ओढल्या की बाहेर, झाडलं की आत. आणि पुढच्या वेळी कॉट मागवताना पाइपच्या जाडीबरोबर खालची मोकळी उंचीही लिहावी, एक फुटाऐवजी सव्वा फूट. पायाला तीन इंच पाइप जास्त लागेल, पण प्रत्येकाला शंभरेक लिटर जागा मिळेल. रेक्टर सरांनी एवढं मनावर घ्यावं.

ट्रॉल्यांचाही हिशोब मांडून ठेवला आहे. एका कॉटखाली ८० बाय ७० सेंटिमीटरच्या, २० सेंटिमीटर कडेच्या दोन ट्रॉल्या बसतात. १२ मिलिमीटर प्लायच्या आठ बाय चारच्या एका शीटमधून दोन्ही निघतात, वर आठ छोटी चाकं. वर्कशॉपमध्ये दरवर्षी फर्स्ट इयरची मुलं सुतारकामाच्या तासाला हाफ लॅप जॉइंट करतात, सर त्यावर सही करतात आणि तो जॉइंट भंगारात जातो. त्याऐवजी दोघांत मिळून एक ट्रॉली करायला द्यावी. मार्क तेवढेच द्या, पण वर्षाअखेरी ती मुलाला रूमवर घेऊन जाऊ द्या.