पोरगा आयटीत लागला, पगार किती?

आमच्याकडे पोरगा 'हिंजवडीला लागला' म्हटलं की पेढे वाटतात. पगार कुणी विचारत नाही. २०१० च्या आसपास मोठ्या आयटी कंपन्या नवख्या इंजिनिअरला वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास द्यायच्या. आज? साडेतीन-पावणेचार. मधल्या काळात पुण्यातलं खोलीभाडं, मेसचा डबा, कॉलेजची फी कुठल्या कुठं गेली!

अमेरिकेतलं काम इथं येतं ते आपली पोरं स्वस्तात करतात म्हणून. पगार रुपयात, बिल डॉलरमध्ये. तेव्हा डॉलर पंचेचाळीसच्या आसपास होता, २०२५ मध्ये पंच्याऐंशीच्या वर गेला. म्हणजे त्याच डॉलरचे कंपनीला जवळपास दुप्पट रुपये. ते पोराच्या खिशात काही आले नाहीत. गिऱ्हाईक दर पाडतं, असं कंपन्या सांगतात. असेलही.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं. त्यातली बरीचशी मधल्या आणि वरच्या फळीतली, म्हणजे पगार वाढून बसलेली.

तरी आमच्या चौकात कॉलेजांचे फ्लेक्स झळकतायत, '१०० टक्के प्लेसमेंट'. अहो, त्याखाली पहिल्या पगाराचा आकडाही छापा की. फीसाठी जमीन गहाण टाकणाऱ्या बापाला तेवढं तरी कळू द्या.