जरब की तकसीम?

परवा सातवीच्या वर्गात तोंडी हिशेब घेत होते. तूरडाळ १६० रुपये किलो, पाव किलो घेतली, ५०० ची नोट दिली, तर परत किती? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, "चारशे साठ!" हा मुलगा संध्याकाळी वडिलांच्या फळांच्या गाडीवर उभा असतो. चाचणीत मात्र पस्तीस मार्क मिळवताना त्याला घाम फुटतो. पहिल्या बाकावरची, दर चाचणीत वरच्या तिघांत असणारी मुलगी वही उघडून विचारत होती, "टीचर, जरब देना की तकसीम?"

उर्दू माध्यमात गुणाकाराला जरब म्हणतात आणि भागाकाराला तकसीम. (मराठीत जरब म्हणजे धाक. गणिताच्या तासाला दोन्ही अर्थ लागू पडतात.)

ही मुलगी मठ्ठ नाही. तिने आयुष्यात एकदाही डाळ विकत घेतलेली नाही, इतकंच. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवरचा अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२५ साली 'नेचर'मध्ये आला. बाजारातली मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी बिनचूक करतात, पण पुस्तकी पद्धतीने मांडलेल्या उदाहरणात अडखळतात. आणि फक्त शाळेत शिकणाऱ्यांचं नेमकं उलटं. माझ्या वर्गात ही रेघ मुलगे आणि मुली यांच्या मधून जाते. ती रेघ आपण घरी आखलेली आहे.

दुकानात कोणाला पाठवतो आपण? सहा वर्षांच्या मुलाला. उरलेले दोन रुपये त्याने खाल्ले तरी कौतुक, "पोरगा व्यवहारी निघणार." त्याची दहा वर्षांची बहीण त्या वेळी पीठ मळत असते. पालकसभेत हे बोलले की ठरलेलं उत्तर येतं: "टीचर, जमाना खराब आहे, मुलीला नाक्यावर कसं पाठवायचं?" बरं, नका पाठवू. पण लाइट बिल तर घरातच येतं ना? रेशनची पावती, आईच्या भिशीची वही, शिलाईच्या कपड्यांचा हिशेब? तो कागद तिच्या हातात द्यायला कोणता जमाना आडवा येतो?

एका आईने गेल्या वर्षी दहा हजार उसने घेतले, "शेकडा तीन"ने. तीन म्हणजे फार नाही, असं तिला वाटलं. तीन महिन्याला होते. म्हणजे दरमहा ३०० रुपये, वर्षाला ३,६०० आणि मुद्दल जिथल्या तिथे. तिची मुलगी तेव्हा आठवीत शेकडेवारी शिकत होती, सरळव्याजाची उदाहरणं वहीत बरोबर सोडवत होती. तिला घरात कोणी विचारलंच नाही. आम्हा शिक्षकांचाही यात वाटा आहे. बी.एड.ला मी पुठ्ठ्याच्या नोटा कापून सुंदर साधनपेटी केली होती, तिला मार्कही चांगले मिळाले. खरी पावती वर्गात आणायचं मला सुचायला पंधरा वर्षं लागली.

आता जरा टोचणारं. तकसीम हा शब्द वाटणीलाही आहे. नवव्या शतकात बगदादला अल्-ख्वारिझ्मीने जे पुस्तक लिहिलं, ज्याच्या नावातून 'अल्जिब्रा' शब्द आला, त्याचा मोठा भाग वारसाहक्काच्या हिशेबांनी भरलेला आहे. जलशांमध्ये त्याचं नाव आपण छाती फुगवून घेतो. मग हा हिशेब करून बघा. वडील वारले, मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी. घर विकून २४ लाख आले, कर्ज वगैरे काही नाही. बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे तीन लाख. उरलेल्या एकवीसमध्ये मुलाचे दोन वाटे, मुलीचा एक. चौदा आणि सात. मुलीला अर्धंच का, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी जरूर घालावा, मीही येईन. पण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक घरांत ते सातही मिळत नाहीत. हक्कसोडपत्र पुढे येतं, "भाईजानशी नातं तोडायचं का?" असं कोणीतरी म्हणतं, आणि जिला सात म्हणजे किती हे कोणी कधी सांगितलेलं नाही ती सही करते. मुलीला हिशेब न शिकवण्यात कोणाचा फायदा आहे, हे मला आता निव्वळ अडाणीपण वाटत नाही.

अपूर्णांकांच्या धड्यात मी हेच २४ लाखांचं उदाहरण फळ्यावर लिहिलं. दुसऱ्या दिवशी एक वडील शाळेत आले. आवाज नरम होता. "टीचर, ये सवाल किताब में है क्या?"

किताबमध्ये नाही, मी म्हटलं, बसा ना, आपण दोघं मिळून सोडवू. त्यांना घाई होती.

या आठवड्यात मुलींना घरचं लाइट बिल आणायला सांगितलं आहे. आतापर्यंत तिघींनी आणलं. एकीचे अब्बा म्हणाले, बिल हरवेल.