सरासरीचा भरवसा

उद्याचा पाऊस ज्यांना नीट सांगता येत नाही, ते तीस वर्षांनंतरच्या हवामानाच्या गप्पा मारतात, हा विनोद धाराशिवच्या कुठल्याही पारावर ऐकायला मिळेल. विनोद म्हणून तो झकास आहे. गणित म्हणून मात्र फसवा आहे.

1961 सालच्या हिवाळ्यात अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ यांनी आपल्या संगणकाला 0.506127 ऐवजी 0.506 एवढाच आकडा दिला. दशांशातील तो किरकोळ फरक वाढत गेला आणि कागदावरचे हवामान आधीच्या हवामानापासून पार फुटून निघाले. ही गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. तिचा उत्तरार्ध सहसा कुणी सांगत नाही. अशा कित्येक व्यवस्था दीर्घकाळ चालू दिल्या, की सुरुवात कुठूनही झालेली असो, सरासरी आणि चढउतारांचे प्रमाण तेच येते. सिनाई, रुएल आणि बोवेन या गणितज्ञांनी 1970 च्या दशकात या वागणुकीला पक्का पाया दिला.

आम्हा बँकवाल्यांना हे निराळ्या भाषेत ठाऊक होते. व्यापाऱ्याच्या खात्यावर उद्या किती शिल्लक असेल, हे त्यालाही सांगता येत नसे. पण तीन वर्षांची खतावणी चाळली, की उलाढालीची चाल कळे आणि कॅश क्रेडिटची मर्यादा ठरे.

आता खरा प्रश्न. सुरुवात नव्हे, यंत्रच थोडे बदलले तर? हवा तापली, समुद्र तापला, तर सरासरीही थोडीच सरकेल की एकदम उडी घेईल? काही व्यवस्थांत ती हळूहळू सरकते, काहींत उडी मारते. गणिताने सरसकट हमी दिलेली नाही.

शिवाय सरासरी जागेवर राहूनही बरेच काही बिघडू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालकपद भूषविलेले बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतातील 1951 ते 2000 या काळातील पावसाच्या नोंदी तपासून 2006 साली ‘सायन्स’मध्ये निबंध लिहिला. मोसमी पावसाची सरासरी जवळपास तशीच होती. पण मुसळधार पावसाचे प्रसंग वाढले होते, मध्यम पावसाचे घटले होते. एकाने दुसऱ्याला झाकले होते.

आपल्या जिल्ह्याला हे पुस्तकात वाचावे लागत नाही. 2012 आणि 2015 साली आपण टँकरच्या मागे धावलो. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत माणसांना पुराच्या पाण्यातून बाहेर काढावे लागले. ही सारी वर्षे एका रकान्यात मांडून भागाकार केला, तर उत्तर सभ्य दिसेल. सोयाबीन मात्र भागाकारावर उगवत नाही. त्याला मध्यम पावसाचे ते हरवलेले दिवसच हवे असतात.

तरी आपला सगळा कारभार सरासरीवर. 2016 साली आलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत उंबरठा उत्पन्न काढायचे, तर मागील सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांची सरासरी धरण्याचा नियम आला. नुकसान एका शेताचे न पाहता मंडळाच्या पीक कापणी प्रयोगांवरून मोजायचे. म्हणजे पुन्हा सरासरीच. ओढ्याकाठचा वाहून गेला आणि माळावरचा तरला, तर दोघे कागदावर अर्धेअर्धे बुडालेले!

हंगामाअखेर ‘सरासरीच्या इतके टक्के’ असा एकच आकडा छापून येतो. त्याच्या शेजारी पावसाचे दिवस किती आणि सलग कोरडे दिवस किती, असे दोन रकाने घालायला नवे यंत्र लागत नाही. मंडळामंडळांतील पर्जन्यमापकांची नोंद रोज होतेच आहे.