मध्यस्थाची उपेक्षा

यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरबसारख्या गावी बांध हातभर सरकला, की दोन भावांचे बोलणे बंद होते आणि दावा न्यायालयात जातो. निकालाने एक जिंकतो, एक हरतो. बांध मात्र दोघांचा सामाईकच राहतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 ने 2002 पासून मध्यस्थीची वाट मोकळी केली आणि 2023 च्या कायद्याने तिला स्वतंत्र अधिष्ठान दिले, ते अशाच तंट्यांसाठी. प्रश्न उरतो तो मध्यस्थाच्या गुणांचा. प्रशिक्षणाने तंत्र येते. वृत्ती घडवावी लागते.

ही वृत्ती कशी असावी, याचा विचार बौद्ध परंपरेने फार पूर्वी केला आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय शस्त्रे घेऊन उभे राहिले, तेव्हा पाणी मोलाचे की माणसे, असे बुद्धाने त्यांना विचारल्याची कथा प्रसिद्ध आहे. डॉ. आंबेडकरांनी तर सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे मूळच या पाणीतंट्यात दाखविले. बुद्धाने निवाडा दिला नाही. भांडणाखाली दडलेले खरे हित त्यांच्यापुढे ठेवले. मध्यस्थाचे कामही नेमके हेच.

मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांपैकी शेवटची सर्वांत अवघड. व्यवहारात उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष. धम्मात ती चित्ताची समता आहे. कोसंबीच्या भांडखोर भिक्षूंनी बुद्धाचाही उपदेश मानला नाही, तेव्हा त्याने समेट लादला नाही. तो वनात निघून गेला. तडजोडींची संख्या वाढविण्यासाठी पक्षकारांवर दडपण आणणाऱ्याने हा प्रसंग ध्यानी ठेवावा. सक्तीची सही म्हणजे समेट नव्हे.

मात्र समता म्हणजे सबळ आणि दुर्बळ यांतील अंतराकडे डोळेझाक नव्हे. मार खाणाऱ्या स्त्रीला ‘सांभाळून घे’ म्हणणे, किंवा गावातील वजनदार माणसापुढे भूमिहीनाला मान तुकवायला लावणे, ही शांती नसून अन्यायाला दिलेली संमती होय. तेथे न्यायालयाचा दरवाजा उघडाच राहिला पाहिजे. जेथे दोन्ही पक्ष निर्भयपणे बोलू शकतात, तेथेच मध्यस्थी शोभते. आणि तसे निर्भय वातावरण निर्माण करणे, हीच मध्यस्थाची खरी कसोटी आहे.