'खरी शनाया' आणि आमची ग्राहकलक्ष्यी समीक्षा

काही वर्षांपूर्वी एका मराठी विभागात एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी विषय सुचवला होता : दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयी अकोला शहरातील स्त्रियांत होणारी चर्चा. विषय नाकारला गेला. कारण दोन वाक्यांत सांगितले गेले. मालिका ही साहित्यकृती नव्हे, आणि तिच्याविषयीच्या गप्पा ही समीक्षा नव्हे. पहिल्या वाक्याशी प्रस्तुत लेखकाचे फारसे भांडण नाही. दुसऱ्याशी मात्र आहे. कारण याउस आणि ईझर यांच्या नावांनी ज्या विभागाच्या प्रश्नपत्रिका सजतात, त्याच विभागात ते उच्चारले गेले. ग्राहकाचे माहात्म्य सांगायचे, परंतु प्रत्यक्ष ग्राहक बोलू लागला की त्याला दाराबाहेर उभे करायचे, अशी ही आमची ग्राहकलक्ष्यी समीक्षा आहे.

त्या विद्यार्थिनीच्या डोळ्यांसमोर होती 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका. ऑगस्ट २०१६ ते मार्च २०२१ अशी साडेचार वर्षे ती झी मराठीवर चालली. नवरा गुरुनाथ, त्याची नागपूरकडची बायको राधिका आणि त्याची प्रेयसी शनाया असा तिचा त्रिकोण. शनायाची भूमिका प्रथम रसिका सुनील यांनी केली. २०१८मध्ये शिक्षणासाठी परदेशी जायचे म्हणून त्यांनी मालिका सोडली व त्या जागी ईशा केसकर आल्या. २०२०मध्ये ईशा केसकर बाहेर पडल्या आणि पहिल्या शनायेचे पुनरागमन झाले. कथेतील पात्र एकच, देह दोन, आणि त्यांतला एक पुन्हा परतलेला.

यावर जठारपेठेतल्या किंवा राजापेठेतल्या ओट्यांवर जे बोलले गेले, ते आमच्या पंडितांनी कान देऊन ऐकायला हवे होते. २०१८मध्ये उद्गार असा : "हे काही शनाया नाही वाटत वो माय." दोन वर्षांनी पहिली परत आली तेव्हा त्याच घरातून : "आता तं हेच नवी वाटून राहिली." या दोन वाक्यांमध्ये काय घडले, हा रसचर्चेच्या गाभ्याचा प्रश्न आहे. शंकुकाने चित्रतुरगन्याय सांगितला : चित्रातल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो तेव्हा ती प्रतीती यथार्थ नसते, मिथ्या नसते, संशयाची नसते की सादृश्याचीही नसते. हा न्याय आम्ही वर्षानुवर्षे परीक्षेसाठी पाठ करतो. पण चित्रच बदलले आणि घोडा तोच राहिला, तर? नटाच्या ठायी अनुमानाने पाहिले जाणारे पात्र नट गेल्यावर कोठे उरते? अकोल्याच्या प्रेक्षकाचे उत्तर असे दिसते की ते त्याच्या स्वतःच्या स्मृतीत उरते, आणि येणाऱ्या प्रत्येक देहाला त्या स्मृतीपुढे परीक्षा द्यावी लागते. 'खरी शनाया' या शब्दप्रयोगातील 'खरी' हे विशेषण नटीचे नाही आणि पात्राचेही नाही. शंकुकाची चार नाकारलेली पदे संपल्यावर उरणारी ही पाचवी जागा आहे. अभिनवगुप्तांनी शंकुकाचे खंडन केले, हे मला ठाऊक आहे. त्या खंडनाला एक उदाहरण मिळाले असते, इतकेच माझे म्हणणे आहे.

कोणी म्हणेल, हे सारे आम्ही त्या बायकांच्या तोंडी घालतो आहोत. काही अंशी घालतो आहोतच. हॅम्लेटच्या तोंडी आम्ही याहून कितीतरी अधिक घातले आहे.

दुसरा आक्षेप कथानकाच्या लांबणीचा. मालिका रबरासारखी ताणली जाते, ही तक्रार प्राध्यापक करतात तशी गृहिणीही करते. फरक एवढाच की गृहिणी तिची कारणमीमांसाही करते. एखादे पात्र एकाएकी गावाला का गेले, अपघात नेमका आताच का झाला, यात कथेची गरज कोणती आणि निर्मात्याची गरज कोणती, हे ती बिनचूक वेगळे काढते. तोमाशेव्हस्कीने हेतुयोजनेचे जे प्रकार पाडले, त्यांच्या सीमेवरचे हे काम आहे. राधिकेचा मसाल्याचा उद्योग जेव्हा शेकडो कोटींच्या भाषेत बोलू लागला, तेव्हा सर्वांत मोठ्याने याच घरांतून हसू आले. प्रत्यक्ष मसाला कुटून विकणाऱ्या बायका तेथे होत्या.

आणि लांबणी ही काय आमच्याकडे परदेशातून आलेली गोष्ट आहे? भुलाबाईच्या गाण्यात सुनेने माहेरी जायची परवानगी मागायची आणि सासूने एकामागून एक नवी अट घालून ती पुढे ढकलायची, यावरच सारे गाणे उभे असते. ज्या प्रदेशातल्या मुली दर भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत हे गात वाढल्या, त्यांना विलंब हे कथनतत्त्व म्हणून कळते. म्हणूनच तो कोठे फसवा झाला हेही कळते. हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो' १८९०पासून 'करमणूक'मधून हप्त्याहप्त्याने आली. तिचा वाचकही आठवडाभर यमूविषयी बोलत असणार. ते बोलणे कोणी टिपून ठेवले नाही आणि आम्ही आज ग्रंथरूप कादंबरीच तेवढी शिकवतो. तीच चूक पुन्हा करण्याचा हट्ट कशासाठी?

नेदरलंड्समध्ये ईएन आंग यांनी एका स्त्रियांच्या मासिकात छोटी जाहिरात देऊन 'डॅलस' पाहणाऱ्यांकडून पत्रे मागवली. आलेल्या बेचाळीस पत्रांवर त्यांचे पुस्तक उभे राहिले (डच आवृत्ती १९८२, इंग्रजी १९८५). त्याच मालिकेत १९८४मध्ये मिस एलीच्या भूमिकेत बार्बरा बेल गेडिस यांच्या जागी डॉना रीड आल्या आणि पुढच्याच वर्षी पहिल्या अभिनेत्री परतल्या. शनायेचे प्रकरण म्हणजे आमच्या मागासपणाचा नमुना नव्हे. बेचाळीस पत्रे अकोल्यात दोन गल्ल्यांत जमली असती.

अर्थात या प्रेक्षकवर्गाला बंडखोर ठरवण्याची जी नवी फॅशन सांस्कृतिक अभ्यासात आली आहे, तिच्याशीही माझे जमत नाही. राधिकेने पुढे सौमित्रशी लग्न केले तेव्हा जिने टाळ्या वाजवल्या, तीच स्वतःच्या जावेच्या घटस्फोटाबद्दल काय बोलते हे मी ऐकले आहे. मालिकेचे कित्येक भाग मला असह्य झाले, हेही सांगून टाकतो. परंतु अभिरुची सदोष आहे म्हणून विवेक नाहीच, हा निष्कर्ष कोणत्या तर्कशास्त्रात बसतो?

सर्वांत झोंबणारा मुद्दा भाषेचा आहे. राधिकेची बोली ही त्या मालिकेची ओळख. मुंबई-पुण्याकडे तिचे कौतुक झाले. अकोल्यात प्रतिक्रिया निराळी होती : "हे ना नागपूरचं, ना आपलं, हे मुंबईत शिकलेलं हाय." वऱ्हाडी आणि नागपुरी यांतला भेद, डोळ्याचा 'डोया' आणि घोड्याचा 'घोळा' करणारी ध्वनिव्यवस्था, 'तिले-मले'ची लकब, हे सारे गाळून 'करून राहिली'चा शिक्का तेवढा उमटवला, असा हा आक्षेप होता. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधल्या किंवा गो. नी. दांडेकरांच्या 'पूर्णामायची लेकरं'मधल्या बोलीच्या अस्सलपणावर आम्ही चर्चा झोडतो. त्याच निकषाने, त्याच काटेकोरपणाने, एक सातवी शिकलेली बाई बोलते तेव्हा त्या 'गप्पा' होतात. रिद्धपूर आमच्याच वऱ्हाडात आहे. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' ज्यांच्या आठवणींतून जमवले, त्यांत शास्त्री किती आणि साध्या भक्त स्त्रिया किती, हे तरी विभागाने एकदा मोजून पाहावे.

त्या विद्यार्थिनीने पुढे ग्रामीण कथेतील निसर्गवर्णन हा विषय घेतला. तो मंजूर झाला, पदवीही मिळाली. तिच्या वहीत उतरवून घेतलेली तेरा घरांतली संभाषणे तिच्याकडे अजून आहेत. त्यांतल्या दोघी बायका आता हयात नाहीत. मालिकाही संपली आहे, आणि उरलेल्या अकरा घरांत आता दुसऱ्याच कुठल्या तरी मालिकेतील नटी बदलल्याची चर्चा चालू आहे.